वृद्धांना औषध बाधते तेव्हा घरच्यांनी काय करावे

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एखादा नवा त्रास सुरू झाला, म्हणजे जेवण नकोसे झाले, दिवसा ग्लानी येऊ लागली, चालताना तोल जाऊ लागला, संध्याकाळी घरातलीच माणसे ओळखताना गोंधळ होऊ लागला, तर तो आजार आहे किंवा म्हातारपण आहे असे ठरवण्याआधी औषध आठवावे. गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका फार्मसीत काउंटरमागे उभी राहून मी गेली कित्येक वर्षे लोकांना हेच सांगत आले आहे. त्याच्या जोडीला दुसरी गोष्टही तितक्याच आग्रहाने सांगते: औषधाचा संशय आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. संशय येणे आणि डॉक्टरांनी निर्णय देणे यांच्या मधल्या काळात घरच्यांना बरेच काही करता येते, आणि ते नीट केले तर डॉक्टरांचे अर्धे काम सोपे होते.

वृद्ध शरीराला औषध अधिक का बाधते, हे थोडक्यात समजून घ्यावे. वयाबरोबर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटते, यकृताकडे जाणारे रक्त कमी होते, अंगातले पाणी कमी आणि चरबीचे प्रमाण जास्त होते. डायझेपामसारखी चरबीत साठणारी झोपेची गोळी तरुणाच्या मानाने वृद्धाच्या अंगात कितीतरी अधिक काळ रेंगाळते, आणि आजची उतरण्याआधीच उद्याची पोटात जाते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसले की घरचे निर्धास्त होतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, आणि अंगावर मांसच उरले नसेल तर ते मुळातच कमी असते. ८२ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १ असेल, तर वय आणि वजन धरून हिशेब केल्यावर तिच्या मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटर येतो. निरोगी तरुणाचा तो शंभराच्या आसपास असतो. दहा वर्षे सोसलेली गोळी अकराव्या वर्षी बाधू शकते, ती यामुळे. ‘हे औषध तर जुनेच आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच पुरेसा नाही.

काय बदलले ते शोधावे

त्रास कधी सुरू झाला ते आधी ठरवावे. ‘बरेच दिवस झाले’ या उत्तरावर थांबू नये. चवथीच्या आधी की नंतर, देवळाच्या जत्रेला गेला होता तेव्हा होता का, असे विचारले की वृद्ध माणसाला काळ बरोबर आठवतो. मग त्याआधीच्या चार-सहा आठवड्यांत काय बदलले ते पाहावे: नवी गोळी, वाढवलेला डोस, फार्मसीतून मिळालेला वेगळा ब्रँड, मध्येच सुटलेली एखादी गोळी, ताप, जुलाब, उपवास, किंवा दुखण्यावर कोणी दिलेली दोन गोळ्यांची पुडी.

सर्वांत जास्त घोटाळे इस्पितळातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात, असा माझा अनुभव आहे. इस्पितळाच्या डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाची गोळी एका नावाने लिहिलेली असते, घरच्या डब्यात तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने आधीपासून असते, आणि दोन्ही श्रद्धेने घेतल्या जातात. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत ब्रँडचे नाव असते आणि बारीक अक्षरांत मूळ औषधाचे. वाचायचे ते बारीक अक्षर. ते वाचता येत नसेल तर सर्व स्ट्रिप जवळच्या फार्मसीत नेऊन ‘यात एकच औषध दोनदा आहे का’ एवढाच प्रश्न विचारावा. पॅरासिटामॉल तर सर्दीच्या, अंगदुखीच्या, सांधेदुखीच्या अशा कितीतरी मिश्र गोळ्यांत लपलेले असते.

हे शोधणे किती महत्त्वाचे आहे ते मी स्वतःच्या घरात शिकले. माझ्या आईला ७६व्या वर्षी घेरी येऊ लागली, म्हणून सिनारिझिन सुरू झाले. पंधरा दिवसांसाठी लिहिलेली ती गोळी वर्षभर चालू राहिली, कारण संपली की मीच नवी स्ट्रिप घरी नेत होते. पुढे तिचा उजवा हात कापू लागला, पावले आखूड पडू लागली, आणि कंपवात समजून त्यासाठी आणखी एक औषध सुरू झाले. पहिल्यापासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या समोर ठेवा, असे दुसऱ्या एका डॉक्टरांनी म्हटले तेव्हा क्रम उघड झाला. घेरीवरचे सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन ही दोन्ही औषधे दीर्घकाळ घेतली तर वृद्धांमध्ये कंपवातासारखीच लक्षणे निर्माण करू शकतात. आईची घेरीची गोळी थांबवल्यावर कंप ओसरायला जवळपास चार महिने लागले आणि कंपवाताचे औषधही मग हळूहळू सुटले. त्या वर्षात तिने कापरा हात लोकांना दिसू नये म्हणून देवळात जाणे सोडले होते, हे मला आजही लागते.

एका औषधाच्या त्रासाला नवा आजार समजून दुसरे औषध सुरू होते, ही साखळी ओळखायला शिकावे. तिचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे अॅम्लोडिपिन. रक्तदाबाच्या या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती सूज अंगात पाणी साठल्याची नसते, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरत नाही. लघवीची गोळी मात्र पोटॅशियम आणि सोडियम कमी करते, रात्री तीनदा उठवते, आणि अंधारात न्हाणीघराकडे जाताना माणूस पडतो. म्हणून प्रत्येक नव्या गोळीच्या वेळी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: ‘हा त्रास आधीच्या एखाद्या औषधामुळे तर नसेल ना?’ असे विचारल्याचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

थांबायचे नाही, निघायचे

काही लक्षणांत वही काढून नोंद करत बसू नये. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर १०८ला फोन करावा. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातील रक्तदाबाच्या गोळ्यांनी येणारी अशी सूज औषध सुरू केल्यानंतर काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही येते. अंगावर पुरळ उठून सोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटणे असे दिसले तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. युरिक अॅसिडसाठीचे अॅलोप्युरिनॉल, फिटांवरची कार्बामाझेपिन व फेनिटॉइन, सल्फा गटातील औषधे यांच्याबाबत, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, हे ध्यानात ठेवावे, आणि अशा वेळी पुढचा डोस देऊ नये. डांबरासारखे काळे, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच किंवा रक्ताची उलटी हे पोटातील रक्तस्रावाचे लक्षण आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते चिकट नसते. तरी शंका असेल तर घरी बसून निकाल लावू नये.

रक्त पातळ करण्याची गोळी घेणारी व्यक्ती पडली आणि डोके आपटले, तर ती हसत-बोलत असली तरी इस्पितळात न्यावी. वृद्धांच्या डोक्यात रक्त सावकाश साठते आणि डोकेदुखी, झोपाळूपणा, गोंधळ कधीकधी काही आठवड्यांनी दिसू लागतात. अशा गंभीर प्रसंगी बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ किंवा मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ यांपैकी जे जवळ असेल तिथे जावे. सत्तरी किंवा काणकोण तालुक्याच्या आतल्या गावात राहणाऱ्यांनी खाजगी गाडीच्या शोधात वेळ घालवण्यापेक्षा आधी १०८ला कळवावे. निघताना औषधांचा सगळा डबा पिशवीत घालून बरोबर न्यावा.

साखर उतरणे

मधुमेहाच्या औषधांचा त्रास वेगळा मांडते, कारण त्यात पंधरा मिनिटांना मोल असते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला दरदरून घाम आला, हातपाय कापू लागले, तो चिडचिडा झाला, असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरली असे धरून चालावे. मीटर असेल तर तपासावे. ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा आला तर उपचार लगेच करावा, आणि मीटर नसेल तर तपासण्यासाठी थांबू नये. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर कंप आणि धडधड जाणवत नाहीत, घाम मात्र येतो. म्हणून घामाकडे विशेष लक्ष ठेवावे.

माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी. व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज चालू असेल तर साधी साखर सावकाश पचते, म्हणून त्या घरात ग्लुकोज पावडर ठेवलेलीच असावी. ही गोष्ट गोळी देताना सहसा सांगितली जात नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून आकडा चढला नसेल तर तितकेच पुन्हा द्यावे, आणि चढल्यावर पोई, बिस्किटे किंवा पेज असे काहीतरी पोटभर द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये; त्याला कुशीवर वळवून १०८ला फोन करावा. या गोळ्यांचा अंमल वृद्धांत लांबतो, विशेषतः मूत्रपिंडे मंद असतील तर, आणि एकदा चढलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्यामुळे सावरल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवणे आवश्यक आहे.

आपल्याकडे हे प्रसंग उपवासाच्या दिवशी हटकून घडतात. श्रावणी सोमवार, एकादशी, हरतालिका या दिवशी आजी पाण्यावर राहतात, पण ‘गोळी चुकवू नका’ हे डॉक्टरांचे वाक्य प्रमाण मानून सकाळची गोळी घेतात. उपवास सोडा असे सांगून काही साधत नाही. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी कमी करायची किंवा गाळायची हे श्रावण लागण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.

घेरी आणि पडणे

उठताना घेरी येत असेल तर घरच्या यंत्राने रक्तदाब योग्य रीतीने मोजावा, कारण खुर्चीत बसून घेतलेला आकडा इथे उपयोगाचा नसतो. माणसाला पाच मिनिटे आडवे झोपवून पहिला आकडा घ्यावा, मग उभे करून एका मिनिटाने दुसरा आणि तीन मिनिटांनी तिसरा घ्यावा. शेजारी आधाराला कोणीतरी असावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर उभे राहिल्यावर रक्तदाब पडतो असा त्याचा अर्थ. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, छातीत दुखण्यावरच्या नायट्रेट गोळ्या, प्रोस्टेटसाठीचे टॅम्सुलोसिन, झोपेच्या व नैराश्यावरील काही गोळ्या यांनी असे होते, आणि बहुधा एकीपेक्षा दोघींच्या संयोगाने होते. सकाळ-संध्याकाळचे आकडे तीन दिवस लिहून डॉक्टरांना दाखवावेत. तोवर अंथरुणातून उठताना आधी कडेला बसवून मगच उभे करावे, आणि रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा जळता ठेवावा.

अचानक गोंधळ, बरळणे, रात्री भास होणे यांत सर्दी-खाजेवरच्या क्लोरफेनिरामिनसारख्या साध्या वाटणाऱ्या गोळीचाही हात असू शकतो. लघवी अडणे हाही तिचाच एक त्रास. रक्तातील सोडियम उतरले तरी असाच सुस्तावलेपणा येतो, आणि लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायाझाइड व क्लोरथॅलिडोन यांनी ते उतरू शकते. एक-दोन दिवसांत उद्भवलेला गोंधळ विसराळूपणा समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

ज्या गोळ्या एकदम थांबवणे धोक्याचे आहे

औषध बाधते आहे असे कळल्यावर सगळा डबाच बाजूला ठेवण्याची ओढ होते, विशेषतः मुंबईहून किंवा आखातातून चार दिवसांसाठी आलेल्या मुलाला. त्याची कळकळ मी समजू शकते, पण त्यातून झालेले अनर्थही मी पाहिले आहेत. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल एकदम थांबवले तर छातीतील दुखणे उसळू शकते. क्लोनिडिन थांबवले तर रक्तदाब झपाट्याने चढतो. प्रेडनिसोलोन आठवड्यांमागून आठवडे घेतलेले असेल तर शरीर स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी करते, आणि गोळी एकदम सुटली तर माणूस कोसळू शकतो. रोज घेतलेले अल्प्राझोलाम अचानक बंद केले तर अस्वस्थता, निद्रानाश, प्रसंगी फिट येते. फिटांच्या, नैराश्याच्या आणि कंपवाताच्या गोळ्यांचेही तसेच. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाची रक्त पातळ करण्याची गोळी तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नये. त्रास तीव्र असेल तर पुढच्या डोसची वेळ होण्याआधी फोन करून ‘ही गोळी आता द्यायची की नाही’ असा एका गोळीपुरता स्पष्ट प्रश्न विचारावा.

उलट, जुलाब-उलट्या सुरू झाल्यावर काही गोळ्या डॉक्टरांना विचारून तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, आणि आपल्या पावसाळ्यात व एप्रिल-मेच्या उकाड्यात हा प्रसंग कधीही येतो. अंगातले पाणी आटलेले असताना लघवीच्या गोळ्या, टेल्मिसार्टान किंवा रामिप्रिलसारख्या गोळ्या आणि वर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, असे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडे अचानक बसू शकतात. अशा दिवशी मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनबद्दलही विचारून घ्यावे. तोवर ओआरएस किंवा मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज घोटाघोटाने द्यावी. ज्याला पाणी मोजून प्यायला सांगितले आहे अशा हृदयरोग्याबाबत मात्र किती द्यायचे ते आधी डॉक्टरांना विचारावे. दुखण्यावर स्वतःहून गोळी घ्यायचीच झाली तर डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन टाळावीत, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी ती कधीच घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे जाताना

पिशवीत सगळे घालावे आणि ‘हे काही औषध नव्हे’ असे म्हणून काही वगळू नये. काचबिंदूवरचे टिमोलॉलचे थेंब डोळ्यात घातले जातात, पण ते रक्तात उतरून नाडी मंदावू शकतात आणि दमेकऱ्याचा दमा वाढवू शकतात. गावठी औषध, काढा, चूर्ण, परदेशातून नातवाने पाठवलेल्या विटामिनच्या व दुखण्याच्या गोळ्या या सर्वांचा समावेश करावा. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. अॅसिनोकुमारोल किंवा वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी श्रावणात टायकिळा, अळू, पालेभाज्या एकदम वाढवल्या असतील तर तेही सांगावे, आणि मध्यंतरी अँटिबायोटिक घेतले असेल तर ते अवश्य सांगावे, कारण त्याने रक्त अधिक पातळ होऊ शकते. संध्याकाळची फेणी किंवा उन्हाळ्यातील हुर्राकही लपवू नये. झोपेच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांशी दारूचा मेळ वाईट असतो, आणि इथे लाजेपेक्षा जीव मोठा.

डॉक्टरांसमोर वेळ थोडा असतो. ‘त्यांना बरे वाटत नाही’ असे म्हणण्याऐवजी चार ओळी लिहून न्याव्यात. मी लोकांना असा नमुना देते: ‘वय ७९, वजन ५१ किलो. ३ जूनपासून रात्री नवी गोळी. ७ जूनपासून सकाळी उठताना घेरी, दोनदा तोल गेला. आडवे असताना १४२/८०, उभे राहिल्यावर ११२/७०. जेवण अर्धे झाले आहे.’ वृद्ध माणूस स्वतःच्या तोंडाने ‘म्हजें माथें घुंवता’ (माझे डोके गरगरते) एवढेच सांगेल. ते त्याला सांगू द्यावे, मध्ये बोलू नये, आणि मग आपला कागद पुढे करावा. निर्णय झाल्यावर कोणती गोळी बंद, कोणती कमी, किती दिवस, काय झाले तर परत यायचे, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. शक्य असेल तर एका वेळी एकच बदल मागावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

घरी आल्यावर बंद झालेल्या गोळीच्या उरलेल्या स्ट्रिप डब्यातून काढून टाकाव्यात. ‘महाग आहे, असू दे’ म्हणून ठेवलेली स्ट्रिप सहा महिन्यांनी पुन्हा पोटात जाते. फाइलच्या पहिल्या पानावर त्या औषधाचे मूळ नाव, झालेला त्रास आणि तारीख ठळक लिहावी. दुष्परिणामांची नोंद करणारा औषधदक्षता कार्यक्रम देशात २०१० पासून चालू आहे. रुग्ण किंवा नातेवाईकही त्याच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामाच्या दिवशी कळवू शकतात, आणि ग्राहकांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो. औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध करावे लागत नाही, संशय पुरतो. फोन करताना स्ट्रिप हाताशी असावी, कारण बॅच क्रमांक तिच्यावरच असतो. म्हणून फेकण्याआधी तिचा मोबाइलवर एक फोटो काढून घ्यावा.